ऑनलाइन थेरपी : आधी खोली, मग ॲप

परीक्षेचा निकाल लागतो, कुठल्यातरी शहरात एखादं लेकरू टोकाचं पाऊल उचलतं आणि दुसऱ्या दिवसापासून सोशल मीडियावर एक सल्ला फिरू लागतो, ‘बोला, मदत घ्या’. खाली एखाद्या ॲपची लिंक असते. लिंक उघडली की प्रश्नावली येते. झोप लागते का? चिडचिड होते का? एकटं वाटतं का? ऑनलाइन थेरपी तुम्हाला मानवेल का? पाच-सात प्रश्नांवर बोट टेकवलं की उत्तर येतं : हो, मानवेल, आणि पहिल्या सत्रावर सवलतही आहे. या प्रश्नावलीतून ‘तुमच्यासाठी हे योग्य नाही, जवळच्या रुग्णालयात जा’ असं उत्तर मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याला विकायचं आहे त्यानेच पेपर काढायचा आणि त्यानेच तपासायचा, असा हा प्रकार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ऑनलाइन थेरपीला माझा विरोध नाही. आपल्यातल्या पुष्कळ जणांना आज तीच एक थेरपी मिळू शकते. माझा विरोध तिला सरसकट इलाज म्हणून विकण्याला आहे, आणि सरकारने व समाजाने तिच्या आडोशाला जाऊन बसण्यालाही आहे. ही थेरपी कुणाला मानवेल हे ठरवताना घरात खोल्या किती, मोबाइल कुणाच्या हातात, मनातली भाषा कोणती, आजार किती खोल आणि पडद्यापलीकडे कोण बसलंय, हे पाहावं लागतं. ॲप यातलं फारसं काही विचारत नाही. म्हणून ते आपणच विचारलं पाहिजे, आणि पैसे भरण्याआधी विचारलं पाहिजे.

‘इमान कमजोर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्नांकडे वळण्याआधी आपल्या घरातला आक्षेप निकाली काढू. मन खचलेल्या माणसाला मोहल्ल्यात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘नमाज पढ, सब ठीक होगा’. दुसरं वाक्य, ‘किसी की नजर लगी है’. मग दम केलेलं पाणी, तावीज, आणि एखादा आमील, ज्याची फी डॉक्टरपेक्षा कमी नसते. सहा महिने यात जातात. तोवर आजार मुरतो.

नमाजने मनाला सुकून मिळतो यावर माझा वाद नाही. दुआ करावी, जरूर करावी. पण दुआ हा दवेला पर्याय आहे, ही शिकवण कुठून आली? आपल्याच इतिहासात दहाव्या शतकातला अबू झैद अल-बल्खी आहे. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात त्याने शरीराच्या आरोग्यासोबत मनाच्या आरोग्यावर स्वतंत्रपणे लिहिलं. राग, भीती, दुःख आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केला. कारण असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख यांत फरक केला. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या मन्सुरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. उंट आधी बांधायला सांगणारी हदीस तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. बयानात ती ऐकून माना डोलवायच्या आणि घरातल्या आजारी मुलीला मात्र डॉक्टरकडे न्यायचं नाही, याला मी तवक्कल म्हणणार नाही.

या हलगर्जीचा शेवट कुठे होतो, तेही आपण पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या परिसरात चालवलेल्या एका खासगी ‘मेंटल होम’ला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांना पळताही आलं नाही.

याच्या उलट उदाहरण गुजरातमध्ये आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८पासून ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. राज्य सरकार आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसवले. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुआ करत आणि मग म्हणत, आता त्या खोलीतल्या डॉक्टरांनाही भेटून जा. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही, औषधही मिळालं. या उदाहरणातली ‘खोली’ लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

फायदा आहे, तो मान्य करू

आता ऑनलाइन थेरपीची बाजू. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की देशातल्या दर १०० प्रौढांपैकी साधारण ११ जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडचं चित्र फार निराळं आहे असं समजायला जागा नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. नांदेड, बीड, परभणीच्या माणसाने कुठं जायचं? अशा वेळी मोबाइलवर तज्ज्ञ भेटत असेल तर त्याला नाक मुरडण्यात शहाणपण नाही.

नैराश्य आणि चिंतेच्या सौम्य ते मध्यम त्रासात व्हिडिओवरून घेतलेली थेरपी समोरासमोरच्या थेरपीच्या तोडीची ठरू शकते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. काहींसाठी तर ती जास्त सोयीची असते. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतला कर्ता माणूस आखातात आहे! कुवेत किंवा दोहाच्या लेबर कॅम्पात, नाहीतर कंपनीच्या फ्लॅटवर एकटेपणा भोगणाऱ्या कोकणी माणसाला आपल्या भाषेत बोलणारं कुणी हवं असेल तर पडद्याशिवाय मार्ग नाही. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, व्हीलचेअरवरची मुलगी, लहान बाळ असलेली आई, या सगळ्यांचा प्रवास आणि दिवस वाचतो. छोट्या तालुक्यात ‘वेड्यांच्या डॉक्टर’कडे जाताना शेजारच्या खालाने पाहिलं तर निकाह मोडेल, ही भीतीही खरी आहे. दूरच्या शहरातल्या अनोळखी थेरपिस्टशी बोलण्यात ती भीती नसते.

म्हणजे फायदा आहे. तो कुणाला होतो, एवढंच नीट पाहायचं आहे.

पहिला प्रश्न : दार लागतं का?

थेरपीचं सत्र साधारण ४५-५० मिनिटांचं असतं. तेवढा वेळ कुणी ऐकत नाही याची खात्री हवी, नाहीतर ती थेरपी होत नाही, नुसत्या गप्पा होतात. २०११च्या जनगणनेनुसार देशातली ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहतात. भिवंडीतल्या चाळीत, मुंब्र्यातल्या वन-आरकेत, मालेगावच्या गल्लीत ५० मिनिटं दार लावून बसायचं म्हटलं की आधी ‘दरवाजा क्यों बंद किया?’ हा प्रश्न येतो, आणि त्यामागून घरातली सगळी माणसं.

मोबाइलचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. उरलेल्या ४६ टक्क्यांना ऑनलाइन थेरपी घ्यायची तर आधी भावाकडून, नवऱ्याकडून किंवा मुलाकडून फोन मागायचा. ज्याच्याविषयी बोलायचं, त्याच्याच फोनवरून बोलायचं! स्वतःचा फोन असला तरी तो कोण कोण चाळतं, पैसे गेल्याचा मेसेज कुणाच्या नंबरवर येतो, चॅट कुठं उरतं, हे पाहावं लागतं. बँक खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर गुपित पहिल्याच दिवशी फुटतं.

घरात मारहाण होत असलेल्या बाईला ‘ऑनलाइन थेरपी घे’ असा सल्ला देणाऱ्यांना माझा सवाल आहे. तिने कॅमेऱ्यासमोर बसून काय सांगायचं, आणि पडद्यामागे कोण उभं आहे हे थेरपिस्टला कसं कळायचं? तिच्यासाठी रुग्णालयाची वाट जास्त सुरक्षित असते. ‘पोट दुखतंय, सिव्हिलला जाऊन येते’ म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्यामागे हाच विचार होता. बाई दवाखान्यात येतेच, तर तिथंच तिच्याशी एकांतात बोलणारं माणूस हवं. ॲपला हे जमत नाही, कारण ते तिला घरातच ठेवतं.

मग दार नसलेल्यांनी काय करावं? गच्ची, मैत्रिणीचं घर, कॉलेजची रिकामी खोली, उभी केलेली रिक्षा, काहीही चालेल, पण जागा ठरलेली आणि दर आठवड्याला मिळणारी हवी. ती नसेल तर थेरपिस्टला पहिल्याच सत्रात सांगा. कुणी अचानक आलं तर कोणता शब्द उच्चारून विषय बदलायचा, हे चांगला थेरपिस्ट स्वतःहून ठरवून घेतो. तुमची अडचण ऐकून जो फक्त ‘हेडफोन लावा’ म्हणतो, त्याला तुमचं घर कळलेलं नाही.

दुसरा प्रश्न : माझी भाषा आणि माझी भीती त्याला कळते का?

आपण शाळेत मराठी शिकतो, घरी दख्खनी किंवा कोकणी बोलतो, दुआ अरबीत मागतो आणि थेरपी मात्र इंग्रजीत घ्यायची, अशी बहुतेक ॲपची रचना आहे. ‘जी घबरा रहा है’, ‘दिल बैठ जाता है’, ‘सर पे बोझ है’ या वाक्यांत लक्षणं असतात. ‘वसवसे आते हैं’ म्हणत दिवसातून वीस वेळा वजू करणाऱ्या मुलीला धार्मिक म्हणून सोडून देणारा थेरपिस्ट तिचा मंत्रचळ ओळखूच शकणार नाही. दुसरीकडे, हिजाब दिसला की सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे असं गृहीत धरणारेही असतात. मुलगी सांगते वडिलांच्या आजारपणाबद्दल, आणि हे विचारतात डोक्यावरच्या कपड्याबद्दल.

त्याहून गंभीर गोष्ट भीतीची आहे. चिंतेवरच्या सीबीटी पद्धतीत विचारातली चूक शोधायला शिकवतात. ‘लोक मला नाकारतात’ असं वाटतं, तर पुरावा काय? पद्धत चांगली आहे, अनेकांना उपयोगी पडते. पण भाड्याने घर शोधणाऱ्या मुस्लीम तरुणाने हे वाक्य म्हटलं तर पुरावा त्याच्या फोनमध्ये असतो : नाव ऐकून गप्प झालेले दलाल. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने केलेल्या गोळीबारात त्याचा वरिष्ठ आणि तीन मुस्लीम प्रवासी मारले गेले. त्यानंतर दाढीवाल्या माणसाला रात्रीच्या गाडीत झोप लागत नसेल, तर त्याला ‘तुम्ही अतिविचार करता’ म्हणणं हा उपचार नाही, अपमान आहे. थेरपिस्टने त्याच्या राजकारणाशी सहमत व्हावं अशी अपेक्षा नाही. भीतीचा कोणता भाग खरा आहे आणि कोणता भाग आजाराने फुगवला आहे, हे दोन्ही वेगळे करून पाहण्याएवढी जाण मात्र हवी.

इथं ऑनलाइनचा मोठा फायदा आहे, तोही सांगते. आपल्या गावातला एकच डॉक्टर पटला नाही तर दुसरा नसतो. पडद्यावर निवड करता येते. मराठी किंवा उर्दू बोलणारी, आपला समाज जाणणारी, स्त्री हवी असेल तर स्त्री थेरपिस्ट शोधता येते. कुणाला उलट आपल्या समाजाबाहेरचाच थेरपिस्ट हवा असतो, कारण आपल्यातला माणूस न्यायनिवाडा करेल अशी धास्ती असते. दोन्ही इच्छा योग्य आहेत. मागून घ्यायला लाजू नका. आपण उपकार मागत नसतो, फी भरत असतो.

तिसरा प्रश्न : समोर आहे कोण?

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘काउन्सेलर’ म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो; औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. समुपदेशकांमध्ये मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि वर्षांचा सराव असलेली उत्तम माणसं आहेत, तशीच दोन दिवसांचं शिबिर करून ‘माइंड कोच’, ‘हीलर’ अशी पाटी लावलेलीही आहेत. आमिलाला नाव ठेवायचं आणि इन्स्टाग्रामवरच्या हीलरला दोन हजार द्यायचे, यात मला फार प्रगती दिसत नाही.

म्हणून पहिल्या सत्रात उलट प्रश्न विचारा. शिक्षण काय, नोंदणी कुठली? माझ्यासारख्या त्रासावर आधी काम केलंय का? सत्राचं रेकॉर्डिंग होतं का? मधल्या दिवसांत प्रकृती बिघडली तर फोन कुणाला करायचा? माझ्या शहरातला कुणी डॉक्टर तुम्हाला माहीत आहे का? या प्रश्नांना राग येणारा थेरपिस्ट तिथंच सोडून द्यावा. आणि दर वेळी नवीन चेहरा समोर आणणारं ॲपही सोडून द्यावं. आपली कहाणी चौथ्यांदा पहिल्यापासून सांगायला लावणं हा स्वतंत्र त्रास आहे.

मशीनशी गप्पा मारण्याचा नवा पर्यायही आलाय. रात्री दोन वाजता चॅटबॉट उत्तर देतो, गोड बोलतो. मन मोकळं करायला वही वापरतात तसा तो कुणी वापरला तर माझी हरकत नाही. पण चार आठवड्यांत तुमचा चेहरा उतरलाय हे त्याला दिसत नाही आणि तुमच्या भावाला फोन करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. त्याला थेरपिस्ट समजू नये.

चौथा प्रश्न : त्रास किती खोल आहे?

काही अवस्थांमध्ये ऑनलाइन थेरपीवर विसंबणं धोक्याचं आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवं. स्वतःला संपवण्याचे विचार ठाम होत चालले असतील. कानात आवाज येत असतील. दिवसेंदिवस झोप नसूनही माणूस भलत्याच उत्साहात पैसे उधळत असेल. दारू किंवा गोळ्यांचं व्यसन सोडताना अंग थरथरत असेल. खाणं-पिणं तुटलं असेल. तर समोर डॉक्टर हवा आणि घरातलं एक विश्वासू माणूस सोबत हवं. फार लहान मुलांनाही स्क्रीनसमोर बसवून भागत नाही. औषधांचंही भान ठेवा. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन तपासणीला मान्यता दिली, पण काही औषधं ऑनलाइन लिहून देण्यास बंदीही घातली.

तातडीच्या वेळी खासगी ॲपची पुढच्या गुरुवारची वेळ कामाची नाही. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. हा नंबर मशिदीच्या नोटीस बोर्डावर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावायला कुठल्याही फतव्याची गरज नाही. आणि एक लक्षात असू द्या : २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. पोलीस केसच्या भीतीने माणसाला रुग्णालयात न नेणं हा जिवाशी खेळ आहे.

पाचवा प्रश्न : पैसे आणि गुपित

बऱ्याच ठिकाणी एका सत्राला हजार-दीड हजार रुपये लागतात. भिवंडीच्या लूमवर काम करणाऱ्याची ती दोन-तीन दिवसांची कमाई आहे. थेरपी एका सत्रात होत नाही. आठ-दहा सत्रांचा हिशोब धरूनच सुरुवात करावी. तेवढं परवडत नसेल तर विद्यापीठं आणि संस्थांच्या कमी खर्चाच्या सेवा आधी पाहाव्यात. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२पासून फोनवर समुपदेशन करते. ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था १९९०पासून मराठीत काम करते आहे. वर्षाचं पॅकेज एकदम विकणाऱ्यांपासून दूर राहावं.

गुपिताचं काय? अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने २०२३मध्ये कारवाई केली, कारण ग्राहकांची आरोग्याशी निगडित माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली गेली होती. कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२०मध्ये चोराने थेट रुग्णांना धमक्या देऊन पैसे मागितले. हजारो लोकांनी आपल्या थेरपिस्टला सांगितलेल्या गोष्टी चोराच्या हाती होत्या. कायदा कडक असलेल्या देशांत हे घडलं. आपल्याकडे २०१७च्या कायद्यात गोपनीयतेचं कलम २३ आहे, २०२३चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे. पण कोर्टाची पायरी चढण्याची ताकद किती जणांत आहे? म्हणून ॲपला संपर्क यादी, फोटो, लोकेशन यांची परवानगी देऊ नका. प्रश्नावलीत गरजेपुरतंच लिहा. फार नाजूक गोष्ट टाइप करण्यापेक्षा बोलून सांगा.

खोली कोण देणार?

इतकं सगळं तपासून ज्याला दार, फोन, भाषा, नीट शिकलेला माणूस आणि पैसे मिळाले, त्याने ऑनलाइन थेरपी बेशक घ्यावी. तीन-चार सत्रं घेऊन पाहावं. सत्र संपल्यावर आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं असं वाटतं का? थेरपिस्टला मागच्या वेळचं आठवतं का? झोपेत, भुकेत, कामात थोडा फरक पडतोय का? एखादं सत्र रडवून जाईल, ते चालतं. पण दर वेळी जाण्याआधीच खोटं काय सांगायचं याची जुळवाजुळव करावी लागत असेल तर थेरपिस्ट बदलावा, किंवा पडदा सोडून प्रत्यक्ष जावं. थेरपी आपल्याला मानवत नाही असा निष्कर्ष मात्र एवढ्यात काढू नये.

आणि ज्यांच्याकडे हे काहीच नाही त्यांचं काय? २०१७च्या कायद्याचं कलम १८ प्रत्येकाला धर्म, जात, वर्ग न पाहता सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क देतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६पासून आहे. त्याची ओपीडी आपल्या तालुक्यात आठवड्यातून किती दिवस भरते, तिथं सायकॉलॉजिस्टचं पद भरलेलं आहे का, हे विचारणारं एकही निवेदन मी आपल्या संघटनांच्या लेटरहेडवर पाहिलेलं नाही. मोर्चे आपण पुष्कळ काढतो. हेल्पलाइन आणि ॲप दाखवून सरकार सुटतं, कारण त्याला अडवणारं कुणी नाही.

समाजालाही एक सांगणं आहे. आपल्याकडे जागा नाहीत असं कुणी म्हणू नये. मशिदींवर मजले चढतात, जमातखाने आहेत, शादीखाने आठवड्यातले पाच दिवस रिकामे असतात, नांदेड, मालेगाव, सोलापूरला शासनाने उर्दू घर बांधलं आहे. यातली एक-एक खोली द्या. आतून कडी लागणारं दार, दोन खुर्च्या, पंखा, बरं इंटरनेट आणि एक हेडफोन. दुपारी बायकांची वेळ, संध्याकाळी मुलांची. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं नाही, कशासाठी आलात विचारायचं नाही. ज्याला ऑनलाइन थेरपिस्टशी बोलायचं आहे त्याने तिथं बसून बोलावं. महिन्यातून दोनदा जिल्हा रुग्णालयाच्या माणसाने तिथं येऊन बसावं. खर्च एका इफ्तार पार्टीपेक्षा कमी येईल.

मीरा दातारच्या आवारात हे जमलं. तिथं कुणाला ॲप उतरवून घ्यायला सांगितलं नव्हतं. लोक जिथं येत होते तिथं डॉक्टर जाऊन बसला. आपल्या ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत रंगकाम आणि लाउडस्पीकरनंतर हा विषय मांडा. आणि ‘मदत घ्या’ची पोस्ट यापुढे टाकाल, तेव्हा लिंकखाली त्या खोलीचा पत्ताही लिहिता येईल, एवढं तरी करा.